काश्मिरी फुटीरतावादी नेता यासीन मलिकने १९९४ मध्येच बंदूक खाली ठेवली होती, मग २०२२ मध्ये त्याला जन्मठेप कशाबद्दल झाली?

तुमचा प्रश्न रास्त आहे, कारण बऱ्याच जणांचा समज असा की ही जन्मठेप १९९० मधल्या हत्यांसाठी आहे. तसं नाही. ती २०१७ साली एनआयएने (राष्ट्रीय तपास यंत्रणेने) दाखल केलेल्या दहशतवादाला पैसा पुरवण्याच्या खटल्यातली आहे. जुन्या गुन्ह्यांचे खटले वेगळे आहेत आणि माझा जीव त्यांतच अडकला आहे. का, ते पुढे सांगते.

मलिक श्रीनगरच्या मैसुमा भागातला, जन्म १९६६ चा. १९८७ च्या विधानसभा निवडणुकीत तो अमीराकदल मतदारसंघात मुस्लिम युनायटेड फ्रंटच्या मोहम्मद युसूफ शाहसाठी काम करत होता. मतमोजणीत घोटाळा झाल्याचा आरोप झाला, शाह हरल्याचं जाहीर झालं आणि दोघांनाही तुरुंगात टाकलं. हाच शाह पुढे सय्यद सलाहुद्दीन या नावाने हिज्बुल मुजाहिदीनचा म्होरक्या झाला. मलिक सुटल्यावर पाकव्याप्त काश्मीरमध्ये गेला आणि शस्त्रांचं प्रशिक्षण घेऊन जेकेएलएफ (जम्मू-काश्मीर लिबरेशन फ्रंट) या सशस्त्र फुटीरतावादी संघटनेच्या चार मुख्य कमांडरांपैकी एक होऊन परतला. त्या निवडणुकीत जे झालं ते वाईटच झालं, हे मी मान्य करते. पण मतपेटीचा राग बस थांब्यावर उभ्या असलेल्या माणसांवर काढायचा, हे मला कधीच पटलेलं नाही.

८ डिसेंबर १९८९ ला केंद्रीय गृहमंत्री मुफ्ती मोहम्मद सईद यांची मुलगी रुबय्या हिचं अपहरण झालं. हॉस्पिटलमधून घरी जाताना तिला मिनीबसमधून उतरवून नेलं. पाच अतिरेकी सोडल्यावर १३ तारखेला ती सुटली. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २५ जानेवारी १९९० च्या सकाळी श्रीनगरच्या रावळपोऱ्यात हवाई दलाच्या निःशस्त्र जवानांवर गोळीबार झाला. ते ड्यूटीवर जायला गाडीची वाट बघत उभे होते. स्क्वाड्रन लीडर रवी खन्ना यांच्यासह चौघे गेले. या दोन्ही प्रकरणांत मलिक आरोपी आहे.

माझे वडील तेव्हा हवाई दलात होते, आम्ही पुण्याला लोहगावच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. तेही रोज सकाळी असेच डबा घेऊन बसच्या थांब्यावर उभे राहायचे. २६ जानेवारीच्या पेपरात बातमी वाचली तेव्हा त्यांच्या हातात परेडसाठी इस्त्री केलेला गणवेश होता. तो त्यांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. त्या दिवसापासून त्यांची बस वळणाआड जाईपर्यंत आई गॅलरीतून आत यायची नाही.

मलिकला ऑगस्ट १९९० मध्ये पकडलं. १९९४ मध्ये जामिनावर सुटल्यावर त्याने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली आणि आपण गांधीजींच्या मार्गाने चालतो असं सांगू लागला. २००६ मध्ये तो पंतप्रधान मनमोहन सिंग यांना भेटला. २०१३ मध्ये इस्लामाबादमधल्या उपोषणात लष्कर-ए-तैयबाचा संस्थापक हाफिज सईद त्याच्या शेजारी बसलेला सगळ्यांनी पाहिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला ताब्यात घेतलं आणि मार्चमध्ये त्याच्या संघटनेवर बंदी आली.

एनआयएचं म्हणणं होतं की पाकिस्तानातून हवालामार्गे आलेला पैसा दगडफेक, बंद आणि हिंसाचारासाठी वापरला गेला. मे २०२२ मध्ये मलिकने आरोप नाकारले नाहीत. २५ मे रोजी दिल्लीच्या पटियाला हाऊस न्यायालयाने त्याला दोन जन्मठेपा सुनावल्या. न्यायाधीशांनी निकालात काय म्हटलं ते वाचायलाच हवं. चौरीचौरातल्या हिंसेनंतर गांधीजींनी अख्खं असहकार आंदोलन मागे घेतलं होतं, तेव्हा याला गांधींचं नाव घेता येणार नाही. १९९४ मध्ये त्याने बंदूक सोडली असेल, पण त्याआधीच्या हिंसेबद्दल कधी खेद व्यक्त केला नाही. फाशी मात्र त्यांनी दिली नाही, त्या मागणीसाठी एनआयए २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मला स्वतःला त्याच्या फाशीत काही रस नाही. मला हवा आहे रावळपोऱ्याचा निकाल.

कारण त्या खटल्यात आरोप निश्चित व्हायलाच २०२० उजाडलं. तीस वर्षं! रुबय्या सईद यांनी जुलै २०२२ मध्ये जम्मूच्या न्यायालयात मलिकला ओळखलं, तेव्हा अपहरणाला बत्तीस वर्षं उलटून गेली होती. रावळपोऱ्यातून वाचलेल्या हवाई दलाच्या एका माजी कर्मचाऱ्याने त्याला ओळखलं ते २०२४ मध्ये. इतक्या वर्षांत किती साक्षीदार थकले असतील, त्या चौघांच्या घरची लहान मुलं आता स्वतः प्रौढ झाली असतील. म्हणून कोणी ‘दोन जन्मठेपा झाल्या, विषय संपला’ म्हटलं की मला सहन होत नाही.

वडील आता ऐंशीच्या घरात आहेत. जम्मूची बातमी आली की अजून मला फोन पुढे करून विचारतात, “पुढची तारीख कधीची दिलीय, बघ जरा.”