बाणाचा पॉइंट १०० ग्रेन की १२५? आधी बिनवेनचा (बिनपिसांचा) बाण काय सांगतो ते बघा

खानापूरच्या सदस्यांचा प्रश्न असा: ३६ पौंड ओढीचं रिकर्व्ह धनुष्य (टोकं पुढे वळलेलं), २९ इंचांचे ६०० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे वाकण्याचं माप) कार्बन शाफ्ट (बाणाच्या दांड्या), पुढे १०० ग्रेनचे पॉइंट (टोकं). परदेशी व्हिडिओत १२५ ग्रेनच्या ब्रॉडहेडचं (शिकारीच्या धारदार पात्याच्या टोकाचं) कौतुक ऐकलं, तर आपणही १२५ घ्यावेत का? आणि शेतात येणाऱ्या रानडुकरांसाठी ब्रॉडहेड चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय शिकार हा गुन्हा आहे, पीक तुमचं असलं तरी. नुकसान झालं असेल तर फोटो काढून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा. पुढचं सगळं टार्गेटच्या पॉइंटबद्दल.

ग्रेन हे जुनं वजन. आपला तोळा १८० ग्रेनचा, मासा १५ ग्रेनचा. म्हणजे १०० आणि १२५ मधला फरक दोन माशांचाही नाही, ग्रॅममध्ये १.६२. पण हे वजन बसतं बाणाच्या अगदी टोकाला, म्हणून एवढ्याशा फरकाने बाणाचा स्वभाव बदलतो.

दोरी सुटते तेव्हा ती बाणाला मागून ढकलते आणि पुढचं वजन जागचं हलायला तयार नसतं. मधला शाफ्ट वाकतो. टोक जितकं जड, तितका वाक जास्त. म्हणजे शाफ्टवर ६०० छापलेलं असलं तरी १२५ चा पॉइंट लावल्यावर तो प्रत्यक्षात आणखी मऊ वागतो. (आकडा जितका मोठा तितका शाफ्ट मऊ, हे नवीन मुलं हमखास उलटं धरतात.) त्यामुळे वजन सुटं निवडता येत नाही. धनुष्याचे पौंड, शाफ्टची लांबी, स्पाइन आणि पॉइंट हे एकच गणित आहे.

ते सोडवायला वेनवाले (शेपटीला पिसं लावलेले) तीन बाण आणि दोन बिनवेनचे बाण घ्या, पॉइंट सगळ्यांना १०० चेच. १८ मीटरवरून मारा. वेनवाल्या बाणांचा गट घट्ट पडत नसेल तर त्या दिवशी ही चाचणी करूच नका, निष्कर्ष चुकीचे निघतात. तुम्ही उजव्या हाताने ओढता असं धरतो. बिनवेनचे बाण गटाच्या उजवीकडे पडले तर शाफ्ट मऊ पडतोय, डावीकडे पडले तर ताठ. डावखुऱ्यांनी हे उलटं वाचावं. चार बोटांच्या आत असतील तर हात लावू नका.

आता तुमचा निर्णय. बाण डावीकडे पडत असतील तर १२५ जरूर लावून बघा, आधी ११० मिळाले तर उत्तम. उजवीकडे पडत असतील तर १२५ ने दुखणं वाढेल. तेव्हा हलका पॉइंट घ्या, नाहीतर शाफ्ट थोडा कापा. एका वेळी पाव इंच, त्याहून जास्त नाही. कापलेलं परत जोडता येत नाही, आणि शाफ्ट आखूड झाला की क्लिकरही (पूर्ण ओढ झाली की टिक वाजवणारी पट्टी) मागे सरकवावा लागतो. क्लिकरला मागे जायला जागा आहे का, हे कापण्याआधी बघा. पॉइंटचा बाहेरचा भाग लांबीने वेगळा असेल तरी क्लिकर हलतोच.

बाण पुढे किती जड झाला हेही मोजा. नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच), वेन, पॉइंट सगळं लावून बाण पट्टीच्या धारेवर तोला. नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या टोकापर्यंतची लांबी घ्या, पॉइंट सोडून. समजा २९ इंच, आणि तोल खाचेपासून १८.५ इंचांवर. निम्मी लांबी १४.५, फरक ४ इंच, ४ भागिले २९ म्हणजे सुमारे १३.८ टक्के. मैदानी तिरंदाजीत ११ ते १६ टक्के चांगले मानतात. तुमच्यासारख्या बाणावर २५ ग्रेन वाढवले की तोल साधारण पाऊण इंच पुढे जातो आणि आकडा अडीच टक्क्यांनी चढतो. म्हणजे तुम्ही वरच्या काठावर पोहोचता.

किंमत मोजावी लागते ती अंतरावर. बाण जड झाला की वेग तीन टक्क्यांच्या आसपास घटतो. ३० मीटरवर तो आठ-नऊ सेंटिमीटर खाली येईल, साइट (धनुष्यावरची नेम धरायची खूण) थोडी खाली केली की झालं. ७० मीटरवर मात्र तो जवळजवळ अर्धा मीटर खाली पडतो, आणि तिथलं टार्गेट १२२ सेंटिमीटरचं. ३६ पौंडांना साइट इतकी उतरवावी लागते की निघणारा बाण तिला घासू शकतो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की जड टोकाचा बाण सरळ राहतो हे खरं, पण हळू बाण वाऱ्यात जास्त वेळ असतो, हेही तितकंच खरं.

विकत घेतलेले पॉइंट सगळे सारखे असतीलच असं नाही. बेळगावात कुठल्याही सराफाकडे बारीक काटा असतो. १०० ग्रेन म्हणजे ६.४८ ग्रॅम, १२५ म्हणजे ८.१०. दोन पॉइंटमध्ये ०.०६ ग्रॅमहून जास्त फरक नको, असेल तर एका संचात वापरू नका.

चिकटवताना हॉट मेल्ट (तापवून लावायचा गोंद) वापरत असाल तर पॉइंट तापवा, शाफ्ट कधीच नाही. कार्बनमधला रेझिन उष्णतेने मोडतो आणि शाफ्ट आतून कमजोर होतो, बाहेरून काही दिसत नाही. पॉइंट बसवण्याआधी शाफ्टच्या आतली धूळ स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. धूळ राहिली तर भाताच्या पिंजराच्या गठ्ठ्यातून बाण ओढताना पॉइंट आतच राहतो. ओढताना शाफ्ट टार्गेटजवळ धरून सरळ मागे घ्या, वाकडा हिसका नको.