राजकारणावरून जवळच्या लोकांशी वाद होतात आणि मग दिवसभर डोकं जड राहतं, सभ्यपणा म्हणून गप्पच बसावं का?

तुम्ही लिहिलंय की घरच्या ग्रुपवर आणि ऑफिसातल्या मित्रांमध्ये राजकारण निघालं की शब्दाने शब्द वाढतो, रात्री झोपताना पण तेच डोक्यात फिरत राहतं, म्हणून आता या विषयावर तोंडच उघडायचं नाही असं ठरवताय. माझं विचाराल तर तोंड बंद करू नका, फक्त चारचौघांसमोर हा वाद घालणं बंद करा. बोलायचं ते एकेकट्याशी बोला, शक्यतो समोर बसून, नाहीतर फोनवर. मी बरीच वर्षं हेच करतोय आणि माझी नातीही शाबूत आहेत आणि मतंही.

"राजकारण आणि धर्म यावर बोलूच नये" हा सल्ला सगळेच देतात पण मला तो अजिबात पटत नाही. शाळा, दवाखाने, नोकऱ्या, रस्ते, पाणी, हे सगळं राजकारणातूनच ठरतं ना, मग ज्यांच्यासोबत आपण जगतो त्यांच्याशीच यावर बोलायचं नाही तर कोणाशी बोलायचं? आणि गप्प बसणाऱ्याच्या मनातली अढी काही जात नाही, ती तशीच राहते आणि मग तिसऱ्याच कुठल्यातरी गोष्टीवरून बाहेर पडते.

खरी गोची होते ती बघणाऱ्यांमुळे. तेच दोघं जण एकटे असताना नीट बोलतात आणि दहा लोक बघत असले की प्रत्येकाला आपली बाजू पडू द्यायची नसते. ग्रुपवर कोणी म्हणालं "हा मुद्दा तुझा बरोबर आहे" असं तुम्ही शेवटचं कधी बघितलंत? कारण सगळ्यांदेखत मान्य करणं म्हणजे पाणउतारा वाटतो. मग माणूस समोरच्याशी बोलतच नसतो, बघणाऱ्यांसाठी बोलत असतो, त्यात दोन जण येऊन टाळ्यांच्या इमोजी टाकतात, एक जण री ओढतो, विषयाला फाटे फुटतात आणि मूळ मुद्दा कुठल्या कुठे राहतो.

मतदान गुप्त ठेवण्यामागेही हाच विचार आहे असं मला वाटतं. पूर्वी कितीतरी ठिकाणी उघड मतदान व्हायचं, मालक, जमीनदार, शेजारी यांच्यासमोर सांगावं लागायचं आणि अर्थातच दबाव यायचा. 1856 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी सरकारी छापील मतपत्रिकेवर गुप्त मतदान सुरू केलं आणि मग ती पद्धत जगभर गेली, 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातही कलम 21 मध्ये गुप्त मतदानाचा उल्लेख आहे. म्हणून "तू मत कोणाला दिलंस?" असं चारचौघांत विचारणं मला असभ्य वाटतं, मग विचारणारा कितीही जवळचा असो. कोणी विचारलंच तर "ते माझ्यापाशीच राहू दे" एवढं हसून म्हणायचं आणि पुढे जायचं, ताकास तूर लागू दिला नाही तरी काही बिघडत नाही, तो आपला हक्कच आहे.

आता एकेकट्याशी बोलून फरक पडतो का, तर पडतो. 2016 मध्ये सायन्स या नियतकालिकात ब्रूकमन आणि काल्ला या दोन संशोधकांचा अभ्यास आला होता. अमेरिकेतल्या मायामी भागात कार्यकर्ते घरोघरी जाऊन ट्रान्सजेंडर लोकांबद्दल लोकांशी साधारण 10 मिनिटं बोलले. भाषण नाही दिलं, त्यांनी लोकांनाच विचारलं की तुम्हाला कधी कोणी वेगळं समजून वाईट वागवलंय का, आणि ते ऐकून घेतलं. लोकांच्या मनातला आकस कमी झाला आणि तो फरक निदान 3 महिने टिकला. दारात उभं राहून अनोळखी माणसाशी 10 मिनिटं बोलून एवढं होत असेल तर आपण तर आयुष्यभर ओळखत असलेल्या माणसांबद्दल बोलतोय.

माझ्या एका काकांचं सांगतो. ते ग्रुपवर एका पक्षाबद्दल इतकं कडवट टाकायचे की घरातली तरुण मुलं त्यांच्यावर तोंडसुख घ्यायची, काका आता असेच झालेत म्हणून सोडून द्यायची. मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही, एका संध्याकाळी फोन केला, आधी तब्येत विचारली, गुडघे कसे आहेत, मग म्हटलं, "काका, खरंच विचारतोय, तुम्हाला यांचा एवढा राग कधीपासून आहे?" ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग सांगायला लागले, तरुणपणी त्यांनी नोकरीची एक परीक्षा दिली होती, पेपर फुटला म्हणून ती रद्द झाली, परत घेतली तोपर्यंत त्यांचं वय बसत नव्हतं, आणि तेव्हा सत्तेत हाच पक्ष होता. वडिलांना कसं सांगितलं, तो अर्ज कितीतरी वर्षं कपाटात कसा जपून ठेवला होता, सगळं सांगितलं. हे आमच्या घरात कोणालाच माहिती नव्हतं. मी म्हटलं, "काका, राग येणारच हो." आणि मग म्हटलं की पण आजच्या या निर्णयाबद्दल मला वेगळं वाटतं, का ते सांगू का? ते म्हणाले सांग. शेवटी ते त्यांच्या मतावर आणि मी माझ्या, पण आता काही वाचलं की ते मला वेगळा मेसेज करून विचारतात, "हे खरं आहे का रे, बघ जरा."

माझ्या मते सभ्यपणा हाच. मताला मान द्यायलाच पाहिजे असं काही नाही, चुकीच्या मताला चूक म्हणावं आणि आकडा खोटा असेल तर खोटा म्हणावं. पण त्या माणसाच्या हेतूबद्दल अंदाज बांधून बोलू नये. "तुम्ही लोक असेच" किंवा "तुला काय कळतंय" हे तोंडातून गेलं की मग कितीही खरी माहिती द्या, समोरचा ती ऐकत नाही. त्यापेक्षा "तुम्हाला असं कशावरून वाटतं?" हा प्रश्न मला सगळ्यात कामाचा वाटतो, अट एकच की विचारून झाल्यावर खरंच ऐकायचं, समोरचा बोलत असताना मनात उत्तर जुळवत बसायचं नाही.

तुमच्या झोपेबद्दल. 2018 च्या अमेरिकेतल्या निवडणुकीच्या आधी काही अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, काही लोकांना 4 आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. त्यांचं समाधान थोडं वाढलं, राजकीय टोकाची भूमिका कमी झाली, घरच्यांसोबतचा वेळ वाढला, पण बातम्यांची माहितीही कमी झाली. म्हणजे फुकटात काहीच मिळत नाही, म्हणूनच मी सगळं बंद करा असं म्हणणार नाही. दिवसातून एकदा, उजेडात, एखादं नीट वर्तमानपत्र किंवा साइट वाचा आणि झोपायच्या आधी हा विषय नको. रात्री अकराला आलेल्या फॉरवर्डला उत्तर द्यायची काही घाई नसते, सकाळी बघितलं तर निम्म्या वेळा उत्तर द्यावंसंही वाटत नाही.

एक अपवाद मात्र ठेवा. कोणी एखाद्या जातीच्या, धर्माच्या किंवा समाजाच्या लोकांना माणूसच समजत नसेल, त्यांना मारा-हाकला असं लिहीत असेल, तर ग्रुपवर सगळ्यांसमोरच एका ओळीत "हे मला मान्य नाही" असं लिहा, कारण तिथे त्या समाजाचं कोणीतरी वाचत असेल आणि सगळे गप्प आहेत हे त्याला दिसत असेल. एवढं लिहायचं आणि पुढे वाद घालायचा नाही. आणि कोणी तुम्हालाच शिवीगाळ करत असेल तर फोन वगैरे करत बसू नका, तुमची मनःशांती त्याच्या समजुतीपेक्षा महत्त्वाची आहे.

ग्रुप सोडू का असं शेवटी विचारलंय, तर घरचा सोडू नका, तिथे आजारपण, लग्नकार्य सगळंच कळतं, निवडणूक होईपर्यंत म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. ऑफिसच्या मित्रांचा तो वेगळा राजकारणाचा ग्रुप मात्र खुशाल सोडा, व्हॉट्सअ‍ॅपने 2022 पासून अशी सोय केलीय की तुम्ही बाहेर पडलात याची सूचना फक्त अ‍ॅडमिनलाच जाते, आणि ज्या एकदोघांशी बोलावंसं वाटतं त्यांना जेवणाच्या सुट्टीत गाठा.