मे महिन्यात नागपूरजवळ बोटीतून काठावरच्या पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत. ७०-३०० मिमीची झूम लेन्स पुरेल का? ट्रायपॉड घेऊ का?

लेन्स पुरेल. ट्रायपॉड घरीच ठेवा. नवीन काही विकत घेण्याआधी पहाटे साडेतीनला उठायची तयारी आहे का ते बघा, कारण आपल्याकडच्या मेमध्ये सगळा खेळ पहिल्या दोन-अडीच तासांचा असतो.

मी अंभोऱ्याला जातो. कुही तालुक्यात, वैनगंगेला कन्हान आणि इतर नद्या मिळतात तो संगम. गोसीखुर्द धरणाचं मागे तुंबलेलं पाणी उन्हाळ्यात उतरलं की वाळूचे आणि खडकांचे उंचवटे उघडे पडतात आणि पक्षी तिथंच सापडतात. सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, तेव्हा तुम्ही डोंग्यात बसलेलं असावं. नऊनंतर वाळू तापते, तिच्यावरची हवा थरथरते आणि पक्ष्याच्या कडा विरघळल्यासारख्या येतात. यावर कुठलीही महागडी लेन्स चालत नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी फोकस बिघडला म्हणून लेन्स दुरुस्तीला देऊन आलो होतो. लेन्स ठणठणीत निघाली; फोटो साडेदहाचे होते, एवढंच.

आता पक्षी. हिवाळ्यातल्या पाहुण्या तुताऱ्या (काठाच्या चिखलात चरणारे छोटे पक्षी) एप्रिलपर्यंत बहुतेक उत्तरेला गेलेल्या असतात. राहतात ते इथले रहिवासी: नदीसुरय, छोटा आर्ली, कंठेरी चिखल्या, शेकाट्या, नशीब असेल तर नदीटिटवी. आणि तुम्ही जाल तेव्हा यातल्या बऱ्याच जणांची वीण चालू असेल. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा. अंडी वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची. पायाशी असली तरी दिसत नाहीत.

म्हणून बोटीतून उतरायचं नाही. हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, मी उतरलो होतो. आर्लीचा जवळून फोटो हवा होता. नावाडी म्हणाला, "उतरू नका दादा, पाखरं बसून हायेत तिथं." मी म्हटलं, दोनच मिनिटं. सुरय डोक्यावर झेपावायला लागले, आर्ली पंख पसरून जमिनीवर लोळायला लागला आणि मी बावळटासारखा त्याचेच फोटो काढत बसलो. जखमी असल्याचं ते सोंग असतं, आपल्याला अंड्यांपासून लांब न्यायला. परत बोटीत बसल्यावर नावाड्यानं हातानं दाखवलं: अंड्यांपाशी कावळा केव्हाच येऊन बसला होता.

मेच्या उन्हात या पक्ष्यांना अंडी उबवण्यापेक्षा थंड ठेवायचं काम जास्त असतं. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतात आणि अंड्यांवर सावली धरून उभे राहतात. पालक थोडा वेळ जरी उडाला, तरी अंडं तापतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये तर अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं शिकारीच्या व्याख्येतच धरलंय. नदीसुरय आधीच आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या यादीत असुरक्षित गटात आहे. पण ते भिजून येणं, पोटातून थेंब गळत असताना खळग्यावर बसणं, हाच इथला सगळ्यात सुंदर फोटो आहे, आणि तो लांबून, बोटीतूनच मिळतो.

जवळ कसं जायचं? शक्यतो वल्ह्याचा डोंगा घ्या. मोटरबोट असेल तर बरंच आधी इंजिन बंद करून वाहत जाऊ द्या. नावाड्याला सांगा, सरळ पक्ष्यावर नको, काठाच्या समांतर, तिरकं तिरकं. चरणारा पक्षी मान वर करून थांबला की तुम्हीही थांबा. टिटवी ओरडली तर तो किनारा सोडा, तिनं सगळ्यांना कळवलेलं असतं.

ट्रायपॉडचे पाय इंजिनची थरथर सरळ कॅमेऱ्यात आणतात. त्यापेक्षा डोंग्याच्या तळाशी बसा, कोपरं गुडघ्यावर टेकवा. नजर पक्ष्याच्या उंचीला येते, मागची वाळू छान पुसट होते. शटरचा वेग १/१६०० सेकंदापेक्षा कमी नको, उडत्या सुरयाला १/२५००. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटोवर ठेवा, फोटोत येणाऱ्या दाण्यांना घाबरू नका. सुरयाची पांढरी छाती गर्द पाण्यासमोर जळते, म्हणजे पिसांचा तपशील जाऊन नुसती पांढरी येते, तेव्हा एक्सपोजर थोडं उणे करा. ३०० मिमीला पक्षी लहान येईल, येऊ द्या. सोबत वाळू आणि पाण्यातलं प्रतिबिंब धरा.

बाकी नेहमीचंच: डोक्याला दुपट्टा, ताक, खिशात कांदा (हसू नका, आमची आजी देते). काळा कॅमेरा उन्हात तापतो, त्यावर ओला नाही, कोरडा पांढरा पंचा टाका. लाईफ जॅकेट मिळत नसेल तर काठावरूनच काढा. आणि घरट्याचा फोटो टाकलात तर खाली जागा लिहू नका, पुढच्या रविवारी तिथं पंधरा लोक पोहोचतात.