राजकीय मोहिमेच्या निधीसाठी ‘शोषणमुक्त’ टी-शर्ट काढायचे आहेत. सोलापुरात बनवून मिळतील का? आणि माल नैतिक आहे हे कसं ठरवायचं?

टी-शर्टच पाहिजे असतील तर सोलापूरला येऊ नका, तमिळनाडूत तिरुपूरला जा. टी-शर्ट होजिअरीचा, म्हणजे गुंफलेल्या, ताणणाऱ्या कापडाचा, आणि इथलं सगळं काम मागावरच्या कापडाचं. चादरी, टॉवेल, नॅपकिन आणि शाळांचे युनिफॉर्म. शर्ट, कुर्ता, जाकीट, झोळी असलं काही काढणार असाल तर जरूर या. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

पण प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय, “काम मोहिमेचं असल्यामुळे शिलाईत सवलत मागितली तर चालेल ना?” नाही चालणार. हे वाचूनच मी लिहायला बसले, त्यामुळे जरा लांबेल.

माझं अक्कलकोट रोडला शिलाईचं छोटं युनिट आहे. मार्च ते जून युनिफॉर्मचा हंगाम, तेव्हा जेवायला फुरसत नसते. गणपती झाले की मशिनी रिकाम्या. अशाच मोकळ्या दिवसांत मामा एक ऑर्डर घेऊन आले. मामा म्हणजे उभी हयात मोर्च्या-धरण्यांत घालवलेला माणूस. बाहेरगावचा एक गट होता, जमीन संपादनाविरुद्ध कोर्टात भांडणाऱ्या गावांसाठी पैसे उभे करत होता. हातमागाच्या कापडाचे शर्ट शिवून विकायचे, उरेल ते वकिलांच्या फीला. कापड त्यांचं, शिलाई आमची. त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं.

आमचा दर होता शर्टाला १४० रुपये. कटिंग, शिलाई, काज-बटण, धागे काढणं, इस्त्री, पॅकिंग सगळं त्यात आलं. युनिफॉर्मला आम्ही याच्या कितीतरी कमी घेतो, हे मामांना माहीत होतं आणि तेच त्यांनी बोलून दाखवलं. पण युनिफॉर्मला एकेका मापाचे शेकड्याने पीस असतात, कापड एकसारखं असतं. हातमागाचं थान उलगडलं की एका टोकाला रंग गडद, दुसऱ्या टोकाला फिका. शर्टाचे दोन्ही फ्रंट एकाच जागचे काढले नाहीत तर बटणपट्टीवरच दोन शेड शेजारी शेजारी दिसतात. कटिंग मास्टरला थर हाताने लावत बसावं लागतं. वर या मंडळींना खिशावर चौकडा जुळलेला पाहिजे होता. त्यासाठी खिसा आधी गठ्ठ्याने कापून चालत नाही, फ्रंटवर ठेवून, रेघेला रेघ बघून एकेक कापायचा. त्यात अर्धा दिवस कुठे जातो कळत नाही.

चहा झाला आणि त्यांच्यातल्या एका मुलाने अगदी आदबीने विचारलं, “ताई, चळवळीसाठी काय रेट?”

म्हटलं, हाच.

मामा मध्ये पडले. “अगं, घरचं काम समज. शंभरात कर.”

मी शंभरावर आले नाही. मामांचं तोंड बघून माझ्या वाट्यातले पंधरा सोडले आणि १२५ वर ठरलं. बायकांच्या मजुरीला हात लावला नाही. निम्मे पैसे आधी, निम्मे माल तयार झाल्यावर, असं बोलणं झालं. माल तयार व्हायला आला तेव्हा निरोप आला, की उरलेले विक्री झाल्यावर देतो, सध्या निधीची अडचण आहे.

त्याच निरोपासोबत लेबलं आली. सुती पट्टीचा रोल, एकेक कापून गळ्याला लावायची. त्यावर छापलेलं: “हे वस्त्र शोषणमुक्त आहे.”

आमच्याकडे काज-बटणावर एक अक्का आहेत. राहतात विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, आधी कितीतरी वर्षं विड्या वळल्या. विडीचे पैसे हजारावर मिळतात, आणि तपासताना वाईट म्हणून बाजूला काढल्या त्या विड्यांचे पैसे बुडतात. पीसचा हिशेब अक्कांना कोणी शिकवायला नको. त्यांनी लेबल डोळ्यांजवळ धरून वाचलं. “उरलेले पैसे आले का?” म्हटलं, विकल्यावर देणार आहेत.

“मग हे बी विकल्यावरच लावू.”

मी तेच केलं. शर्ट इस्त्री करून, घड्या घालून ठेवले आणि फोन केला, की पूर्ण पैसे आले की दुसऱ्या दिवशी लेबलं लागतील, त्याआधी नाही. तिकडून मोठं भाषण झालं. आम्ही काय कंपनी आहोत का, तुम्ही आमच्याशी भांडवलदारासारखं वागताय वगैरे. मी भांडवलदार! माझ्या ओव्हरलॉक मशीनचा हप्ता चालू होता तेव्हा. मामा त्या दिवाळीला फराळाला आले नाहीत. पैसे आले, उशिरा आले, पण सगळे आले, आणि मग लेबलं लागली.

आता हिशेब बघा, तुम्हाला दर ठरवायलाही उपयोगी पडेल. शर्टाला कापड सव्वादोन मीटर, मीटरला १८० प्रमाणे ४०५ रुपये. शिलाई १२५. लेबल, पिशवी, ट्रान्सपोर्ट धरा, सहाशेच्या आसपास गेलं. त्यांनी शर्ट विकला १,२५० ला. म्हणजे निम्म्याहून जास्त हातात राहत होते. यात शिलाईवाल्याला दहा-वीस रुपये जास्त देऊनही वकिलाची फी निघाली असती. मग घासाघीस करायची सुचली कुठे, तर शिलाईत. लेबल छापणाऱ्याशी केली नाही, कुरिअरवाल्याशी केली नाही, मोबाईलवरच्या जाहिरातींना तर रोख मोजले. शिवणारी बाई समोर नसते, म्हणून तिचेच कापायला सोपे जातात. आणि पैसे अडकले ते शिलाईमुळे नाहीच. एल आणि एक्सएल हातोहात गेले, स्मॉलचा ढीग तसाच पडून राहिला. तुम्ही आधी मापासकट ऑर्डरी आणि पैसे घ्या, मग कापड घ्या. एवढं केलंत तरी निम्मी डोकेदुखी वाचेल.

मामांचं आणि माझं भांडण अजून मिटलेलं नाही. त्यांचा हुकमाचा एक्का ठरलेला आहे, १९३०, इंग्रजांनी सोलापुरात लष्करी कायदा लावला ते साल. “मार्शल लॉ लागला तेव्हा सोलापूरच्या माणसाने रेट विचारला होता का? धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, जगन्नाथ शिंदे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले, ते काय मजुरी ठरवून गेले?” चार हुतात्म्यांचं नाव निघालं की घरात कोण काय बोलणार? सगळे ताटात बघतात. मी तेव्हा बोलले नाही, आता इथे बोलते. ते चौघे स्वतःचा जीव देत होते. शेजारणीची मजुरी परस्पर देऊन टाकत नव्हते.

आणि राजकारणासाठी कापड विकण्याचंच उदाहरण पाहिजे तर खादीचं घ्या ना. मामा स्वतः खादी घालतात. १९२५ साली खादीचं काम बघायला चरखा संघ निघाला. खादी मिलच्या कापडापुढे टिकावी म्हणून ती स्वस्त ठेवायची धडपड चालायची, आणि कातणाऱ्या बाईच्या हातात जेमतेम काही पडायचं. १९३५ मध्ये गांधींनीच हे धरून लावलं, की आठ तास कातणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. त्यांच्या मनात तर आठ आणे होते. खादी महागेल, खपणार नाही, अशी कुरकुर खादीचं काम करणाऱ्यांनीच केली. तरी मजुरी वाढवायची ठरली. स्वराज्याच्या कामालासुद्धा ‘चळवळीचा रेट’ नको, हे खुद्द गांधी म्हणत होते, मामा.

वर्गणी द्यायला बायका मागे नसतात. त्याच लढ्याच्या डब्यात अक्कांनी आपल्या हाताने पन्नासची नोट टाकली, मजुरी मिळाल्यावर. ती वर्गणी. मजुरीतून न विचारता कापून घेतात त्याला वर्गणी म्हणत नाहीत.

तुमच्या ‘नैतिक कसं ठरवायचं’ या प्रश्नावर थोडं. खादी हा शब्द उगाच वापरू नका. हाताने कातलेल्या सुताचं, हाताने विणलेलं तेच खादी, आणि त्या नावाने विकायला खादी मार्क लागतो. हातमाग म्हणून कोणी कापड दाखवलं तर हँडलूम मार्क बघा आणि माग कुठे आहे तेही विचारा. सोलापुरात आज खटखटतात ते बहुतेक यंत्रमाग, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण खोटं सांगून विकू नका. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणून ती नैतिक असंही नाही. मानांकन माल कुठला ते सांगतं, विणणाऱ्याला काय मिळालं ते नाही. ‘ऑरगॅनिक’ लिहायचं तर जीओटीएस या ऑरगॅनिक कापडाच्या जागतिक मानकाच्या नियमाने ९५ टक्के धागा ऑरगॅनिक लागतो आणि कापसावरच्या पहिल्या प्रक्रियेपासून शिलाईपर्यंत प्रत्येकाकडे दाखला लागतो. माझ्याकडे नाही. माझ्यासारख्या छोट्या युनिटांपैकी कोणी ‘आहे’ म्हणालं तर कागद मागा.

माझं मत विचाराल तर ही सगळी लेबलं बाजूला ठेवा आणि शिलाई किती दिली, कधी दिली, एवढंच शर्टावर छापा. कोणी छापत नाही.

राजकीय म्हणताय म्हणून दोन-तीन गोष्टी, बाकी वकिलाला विचारा. नफा कुठे जाणार ते गिऱ्हाइकाला आधी स्पष्ट सांगा. शर्ट विकत घेणं म्हणजे देणगी नाही, त्यामुळे आयकरात सवलत मिळेल असं कोणाला सांगू नका. पैसे एखाद्या पक्षाला जाणार असतील तर परदेशी पैसा त्यात येता कामा नये. आणि निवडणूक लागली की उरलेले शर्ट फुकट वाटायचा विचार डोक्यातून काढून टाका. टोपी, उपरणं चालतं, तेही खर्चात दाखवून. शर्ट, साडी वाटली तर आयोग लाच धरू शकतो. ते स्मॉलचे ढीग असेच वाटून टाकू म्हणणारे मी बघितलेत, म्हणून लिहिते.

सगळेच गट असे असतात असंही नाही हं. एका संघटनेने झोळ्या शिवून घेतल्या, पैसे माल उचलायच्या आधी दिले, भाव केला नाही. आणि खरं सांगायचं तर काही युनिफॉर्मचे व्यापारी या मुलांपेक्षा कितीतरी जास्त रखडवतात, फक्त ते शोषणमुक्त वगैरे छापून आणत नाहीत.

यायचं असेल तर दसऱ्यापासून जानेवारीपर्यंत या, कापड सोबत आणा, एक शर्ट नमुना म्हणून शिवून देते. मार्चनंतर क्रांती होणार असली तरी मशीन मिळणार नाही.