सल्ला स्वयंपाकघराचा: दुधाला कात्री लावू नकोस

प्रश्न : काकू, आम्ही चिंचवडला राहतो. घरात पाच माणसं. आम्ही दोघं, सासूबाई आणि अकरा नि सहा वर्षांची दोन मुलं. किराणा, दूध, भाजी, फळं मिळून महिन्याला 19,000 रुपये जातात. खर्च कमी व्हावा म्हणून दोन महिन्यांपासून रोजचं दूध अर्ध्या लिटरने कमी केलंय, फळं जवळजवळ बंद केलीत. तरी आकडा म्हणावा तसा उतरत नाही. सासूबाईंना मधुमेह आहे, मुलं वाढत्या वयाची. आणखी काय कमी करू? सोबत महिन्याची यादी पाठवतेय.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : यादी पाठवलीस हे फार बरं केलंस, कारण उत्तर तिच्यातच आहे. उद्यापासून दूध पूर्ववत कर आणि फळंही आण. मग बाकीचं बोलू.

दूध कमी करून तुझे महिन्याला जेमतेम साडेआठशे रुपये वाचले. त्याच यादीत बिस्किटं आणि वेफर्स 1,450 रुपयांचे आहेत. पाकिटातले ज्यूस 720, नूडल्स 480, मुलांचे कॉर्नफ्लेक्स वगैरे 900. शिवाय दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अॅपवरून 'थोडंसं काहीतरी' मागवलेलं 3,100. बेरीज होते 6,650, म्हणजे एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. ज्याने पोट भरतं आणि अंगी लागतं त्याला तू कात्री लावलीस आणि ज्याने यातलं काहीच होत नाही ते तसंच राहिलं. हा दोष तुझा नाही. डाळीचा भाव वाढला की डोळ्यांवर येतो, बिस्किटाचा पुडा दहा रुपयांचा असतो म्हणून दिसत नाही.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं विद्यार्थ्यांची खाणावळ चालवली. महिन्याचे पैसे आधीच ठरलेले, आणि पोरं कॉलेजातली, भूक राक्षसासारखी. त्यांना अर्धपोटी उठवायचं नाही आणि लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराची उधारीही वाढू द्यायची नाही, हे जमलं ते मुख्यतः कडधान्यांवर. म्हणून तुलाही तेच सांगते.

तुझ्या यादीत तूरडाळ तीन किलो आहे आणि मटकी-मूग-चवळी मिळून फक्त अर्धा किलो. हे उलटं कर. मटकी, हिरवे मूग, चवळी, मसूर, हरभरे, कुळीथ असे सगळे मिळून चार किलो आण आणि तूरडाळ दीड किलोवर ठेव. मटकी सकाळी कोमट पाण्यात भिजत घाल, रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांध. दुसऱ्या दिवशी मोड फुटलेले असतात आणि एका वाटीच्या सहज अडीच वाट्या होतात. पाच जणांना उसळीसाठी दीड वाटी कोरडी मटकी पुरे.

उसळ करताना एकच पथ्य पाळ, मटकी शिजवून गाळ करू नकोस. तेलात मोहरी, कढीपत्ता, कांदा गुलाबी, मग आपली कांदा-लसूण चटणी, मग मटकी. वर ताट ठेवून ताटात पाणी घाल आणि वाफेवर शिजू दे. दाणा बोटाने दाबला तर चेपावा, पण अख्खा दिसावा. पहिल्या रात्री उसळ आणि ज्वारीची भाकरी. उरलेली दुसऱ्या दिवशी पाणी आणि थोडं भाजलेलं खोबरं घालून पातळसर कर, वर कच्चा कांदा. मुलं त्याला मिसळच म्हणतील. ताटात लिंबाची फोड हवीच. तिच्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर त्याच्या उलट होतं, म्हणून चहाला तासभर थांबायचं. भाकरी आणि उसळ एकत्र खाल्ली की प्रथिनांत एकाची उणीव दुसरं भरून काढतं. महागड्या प्रोटीन पावडरीचा डबा आणायचं काही कारण नाही. सासूबाईंना किती भाकरी द्यायची ते डॉक्टरांनी सांगितलं असेल तसंच ठेव. पण उसळ त्यांच्या ताटात जास्त वाढ, भात कमी.

आता मुलांची संध्याकाळची भूक. बिस्किटं नुसती बंद केलीस तर घरात भांडणं होतील, त्या जागी काही तरी हवंच. आमच्याकडचं भडंग कर. चुरमुरे कढईत मंद आचेवर कुरकुरीत करून घ्यायचे. तेलात शेंगदाणे तांबूस तळायचे, त्यातच ठेचलेला भरपूर लसूण आणि कढीपत्ता. गॅस बंद करून तिखट, हळद, मीठ, चिमूटभर साखर घालायची आणि चुरमुऱ्यांवर ओतून हलवायचं. डबा आठवडाभर टिकतो. सोबत केळं किंवा पेरू. पेरूत संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त 'क' जीवनसत्त्व असतं आणि हंगामात तो सफरचंदाच्या निम्म्या भावातही मिळतो. परदेशी सफरचंद मुलांच्या तब्येतीला लागतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

भाजीचं थोडक्यात. अॅपवरून नको, आठवड्यातून एकदा शेतकरी बाजारातून किंवा मंडईतून आण. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत, मग भेंडी-गवार, शेवटी कोबी, दुधी, लाल भोपळा. या क्रमाने खाल्लं की फ्रिजच्या तळाशी काही सडत नाही. कोथिंबीर निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेव. मुळ्याचा पाला टाकायचा नाही, मुगाची डाळ घालून त्याची भाजी होते. दोडक्याच्या शिरा तीळ-खोबऱ्याबरोबर परतून चटणी कर. ती मला दोडक्याच्या भाजीपेक्षा जास्त आवडते.

पाकिटं घेताना किमतीबरोबर वजनही वाच. गोडेतेलाच्या एक लिटरच्या पिशवीत साधारण 910 ग्रॅम तेल असतं. पण शेजारीच तेवढ्याच उंचीची, थोडी स्वस्त पिशवी असते, तिच्यावर 850 ग्रॅम लिहिलेलं सापडेल. बऱ्याच पाकिटांवर ग्रॅममागे किंवा किलोमागे दर छापलेला असतो, तो ताडून बघितलास की कुठली पिशवी खरंच स्वस्त ते लगेच कळेल.

आणि अॅप फोनवरून काढून टाकायची गरज नाही. आजारपणात, पाऊस कोसळत असताना ते उपयोगी पडतं. रोजच्या विसरलेल्या वस्तूंसाठी मात्र फ्रिजच्या दारावर कागद लाव. संपत आलेलं त्यावर लिहायचं आणि शनिवारी एकदम आणायचं.

प्रश्न : काकू, हिंजवडीत आम्ही तिघं मित्र भाड्याने राहतो. एक इंडक्शन शेगडी आणि एक कुकर आहे. मेसचा डबा नकोसा झालाय, बाहेरचं खाणं परवडत नाही. रोज रात्री दमून येतो. काय शिजवावं?
— एक वाचक, हिंजवडी

उत्तर : बाळा, कुकर आहे म्हणजे निम्मं काम झालं. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, गाजर, मटार, दुधी जे असेल ते, हळद, मीठ, सात-आठ वाट्या पाणी. तीन शिट्ट्या. वरून चमचाभर तूप. शेजारी ताक आणि दाण्याची चटणी. दुसऱ्या दिवशी अंडी उकडायची, त्यांची कांदा-टोमॅटोत करी. पोळ्या लाटत बसू नका. आसपास भाकरी-पोळी विकणाऱ्या घरगुती बायका असतील, त्यांच्याकडून रोजची ठरवून घ्या. आणि तिघांनी भांडी घासायची पाळी आधी ठरवा. घरचा स्वयंपाक बंद पडतो तो बहुतेक वेळा त्या ढिगामुळे.

प्रश्न : ताई, आम्ही दोघंच नाशिकला असतो, मी निवृत्त आहे. दरवर्षी उन्हाळ्यात वर्षाचं धान्य-कडधान्य भरतो, पण पावसाळ्यात मुगाला आणि चवळीला भुंगे लागतात आणि बरंच फेकावं लागतं. तांदळाला बोरिक पावडर लावावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बोरिक पावडर अजिबात नको, ती पोटात जायची वस्तू नाही. दोन माणसांना वर्षाची कडधान्यं भरण्यात आता फायदाही उरला नाही, भावात वाचतं त्याहून जास्त भुंगे खातात. गहू आणि तांदूळ हवं तर भरा. गव्हाला एरंडेल चोळा, तांदळात कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला घाला. मूग आणि चवळी दोन महिन्यांपुरतीच आणा, एकदा कडक उन्हात घालून, पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम असताना झाकण लावलंत तर आत घाम धरतो आणि कीड लवकर होते. रवा आणल्याबरोबर कोरडाच भाजून ठेवा. डब्यावर आणल्याची तारीख लिहा, जुना डबा आधी संपवा.