चेहऱ्यावर थोडीशीच मुरुमं आहेत, नेमकं काय लावू?

सीरमच्या त्या सहा बाटल्यांपैकी निदान चार आजच कपाटात ठेवून द्या. तुम्ही लिहिलंय की वय २३, कपाळावर बारीक पुटकुळ्या, नाकावर काळे ठिपके, महिन्याला गालावर चार-पाच लाल फोड. तीन महिन्यांत सहा सीरम झाली, चेहरा नुसता चुरचुरतो, आणि डिसेंबरात बहिणीचं लग्न आहे. मी डॉक्टर नाही. पण कॉलेजात असल्यापासून सात वर्षं मी हेच सोसलंय. ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंमुळे यातून सुटले, त्यांनी समजावलेलं अजून पक्कं लक्षात आहे.

त्यांनी कागदावर एक छिद्र काढून दाखवलं होतं. खाली तेलाची ग्रंथी, वर बारीक तोंड. मेलेल्या पेशी गळून न पडता तेलात चिकटल्या की त्या तोंडाला बूच बसतं. सुरुवातीला ते डोळ्यांना दिसतही नाही. उघडं राहिलं तर काळा ठिपका (तो मळ नव्हे, म्हणून कितीही घासला तरी जात नाही), बंद राहिलं तर पांढरी पुटकुळी, आणि आत जंतू वाढून सूज आली की लाल फोड. म्हणजे आज आरशात दिसणारा फोड काही आठवड्यांपूर्वीच सुरू झालेला असतो. म्हणून फक्त फोडावर ठिपका लावून भागत नाही, जिथे फोड येतात तो सगळा भाग धरावा लागतो. आणि म्हणूनच पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून औषध बदलणं चुकीचं.

मला मुख्य औषध दिलं ते अ‍ॅडापलीन, ०.१ टक्क्याचं जेल. ते बूच बसूच देत नाही. अमेरिकेत ते २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं, तरी तुम्ही एकदा डॉक्टरांना दाखवूनच सुरू करा. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर ते लावायचं नाही.

लावायची पद्धत औषधाइतकीच महत्त्वाची आहे. रात्री साध्या, सौम्य फेसवॉशने तोंड धुवायचं, टॉवेलने टिपायचं, आणि पंधरा-वीस मिनिटं चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. मग एका मटाराच्या दाण्याएवढं जेल बोटावर घ्यायचं. तेवढंच, अख्ख्या चेहऱ्याला. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे ठिपके देऊन हलक्या हाताने पसरायचं. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठांचे कोपरे सोडायचे, तिथली कातडी लगेच सोलवटते. वरून साधं मॉइश्चरायझर. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवस आड, सोसलं की रोज. चेहरा कोरडा पडेल, थोडी सालं निघतील, कदाचित फोड आधी वाढल्यासारखे वाटतील. मी याच टप्प्यावर दोनदा ट्यूब फेकून दिली होती. खरा फरक आठ ते बारा आठवड्यांत दिसतो.

लाल फोडांसाठी जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड. अडीच टक्क्यांचं पुरतं. दहा टक्क्यांनी फायदा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. याची चांगली गोष्ट म्हणजे जंतू याला सरावत नाहीत. नुसतं क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचं जेल महिनोन्‌महिने लावलं तर सरावतात, म्हणून ते एकटं वापरू नये. फक्त कपडे सांभाळा. माझ्या निळ्या अभ्र्यावर गालाच्या आकाराचा फिकट केशरी डाग पडला, तो कधीच गेला नाही. तेव्हापासून पांढरा अभ्रा आणि पांढरा टॉवेल.

सकाळी सनस्क्रीन लावाच. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर फोड गेला तरी काळा डाग महिनोन्‌महिने राहतो आणि उन्हाने गडद होतो. फोड फोडला की डाग नक्की. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा यांनी कातडी भाजते, पुन्हा डागच पडतात.

आता ज्यासाठी खरं तर हे उत्तर लिहायला बसले ते. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून ‘मिक्स’ क्रीम आणू नका. मला एका दुकानात अशीच ट्यूब मिळाली होती. आठ दिवसांत फोड बसले, रंग उजळला, घरातले सगळे खूश. महिनाभराने बंद केली आणि गाल भाजल्यासारखे लाल झाले, पूर्वीच्या दुप्पट फोड आले, उन्हात उभं राहवेना. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. ते सूज दाबतं, पण रोज लावलं तर कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, आणि थांबवलं की सगळं उसळून येतं. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एक जरी नाव दिसलं तरी मुरुमांसाठी ती लावू नका. आधीच लावत असाल तर एकदम न थांबवता डॉक्टरांना गाठा, माझ्यासारखं घरी सहन करत बसू नका.

कपाळावरच्या पुटकुळ्या सगळ्या एकसारख्या असतील आणि खाजत असतील तर त्या मुरुमं नसून बुरशीच्याही असू शकतात. घामाच्या दिवसांत हे फार होतं, आणि त्यावरचं औषध वेगळं. केसांना चोपून तेल लावत असाल तर ते कपाळावर उतरतं, तेवढं टाळून बघा. आत दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील, किंवा हनुवटीवर फोड आणि पाळीही अनियमित असेल, तर हे ‘थोडंसं’ राहिलेलं नाही, वरून लावून भागणार नाही.

लग्नाला अजून चार महिने आहेत, म्हणजे वेळ पुरेसा आहे. आज खिडकीपाशी एक फोटो काढून ठेवा, मग महिन्याने त्याच जागी, त्याच वेळी दुसरा. रोज आरशात बघून काही कळत नाही. लग्नाआधीच्या पंधरा दिवसांत नवं फेशियल किंवा ब्लीच नको. आणि ओठांवर वॅक्स करणार असाल तर आठवडाभर आधी जेल थांबवा, नाहीतर वॅक्सबरोबर सालही निघते.