अमेरिकेत धर्माधारित तिसरा पक्ष: अडतं कुठे, चालतं कुठे

प्रश्न असा आहे: अमेरिकेत नेमाने चर्चला जाणारे कोट्यवधी लोक आहेत, त्यातले बरेच रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट या दोन्ही पक्षांवर नाराज आहेत, मग त्यांचा स्वतःचा पक्ष का उभा राहत नाही आणि पुढे कधी राहील का? माझं उत्तर थोडक्यात असं, की राष्ट्राध्यक्षपदापर्यंत नाही. एका राज्यात, एका मुद्द्यावर आणि तिथला मतपत्रिकेचा कायदा अनुकूल असेल तर जमतं, एकदा जमलंही आहे. पण त्याची किंमत पक्षालाच मोजावी लागते.

आधी एक गैरसमज दूर करतो. धर्म आणि सरकार वेगळं ठेवलंय म्हणून असा पक्ष बेकायदा ठरेल, असं अनेकांना वाटतं. तसं काही नाही. पहिली घटनादुरुस्ती सरकारला अधिकृत धर्म स्थापन करू देत नाही, आणि घटनेचा सहावा अनुच्छेद सरकारी पदासाठी धर्माची अट घालू देत नाही. दोन्ही बंधनं सरकारवर आहेत, पक्षावर नाहीत. आपल्या डोक्यात 1951 चा लोकप्रतिनिधित्व कायदा असतो. त्याच्या कलम 123(3) प्रमाणे धर्माच्या नावावर मतं मागणं हा भ्रष्ट आचार ठरतो, आणि 1987 च्या विलेपार्ल्याच्या पोटनिवडणुकीतली डॉ. रमेश प्रभूंची निवड त्यावरूनच रद्द झाली. अमेरिकेत असं कलमच नाही. तिथली कॉन्स्टिट्यूशन पार्टी आपल्या जाहीरनाम्याच्या प्रस्तावनेतच येशू ख्रिस्ताचं नाव घेते आणि बिनदिक्कत निवडणुका लढवते.

खरी अडचण गणितात आहे. नेदरलँड्समध्ये एसजीपी नावाचा कट्टर कॅल्व्हिनिस्ट, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट विचाराचा पक्ष आहे. त्याला देशभरात जेमतेम दोन टक्के मतं पडतात आणि 150 च्या सभागृहात तीन जागा मिळतात, कारण तिथे मतांच्या प्रमाणात जागा वाटतात. अमेरिकेत एका मतदारसंघातून एकच जण निवडून येतो, ज्याची मतं जास्त तो. विखुरलेल्या दोन टक्क्यांची तिथे एकही जागा होत नाही. राष्ट्राध्यक्षपदासाठी तर 50 पैकी 48 राज्यं आपली सगळी इलेक्टोरल मतं (राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी राज्याला मिळालेली ठरावीक मतं) पहिल्या आलेल्याला देऊन टाकतात. 1992 मध्ये अपक्ष रॉस पेरोला जवळपास 19 टक्के मतं पडली, आणि इलेक्टोरल मत एकही मिळालं नाही. समजा तिसऱ्या उमेदवाराने दोन-तीन राज्यं मारली आणि कुणालाच 270 इलेक्टोरल मतांचं बहुमत गाठता आलं नाही, तर निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते. तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असतं आणि 26 राज्यं लागतात. त्या सभागृहात तुमचा एकही माणूस नसेल, तर सौदा करायलाही कुणी नाही.

त्याच्या आधी मतपत्रिकेवर नाव येणं हेच मोठं काम. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. टेनेसीत अपक्ष राष्ट्राध्यक्षीय उमेदवाराला 275 सह्या पुरतात. कॅलिफोर्नियात त्याच कामाला नोंदणीकृत मतदारांच्या एक टक्का, म्हणजे दोन लाखांवर सह्या लागतात. न्यूयॉर्कने 2020 मध्ये हा आकडा 15,000 वरून 45,000 केला, आणि त्या सह्या 42 दिवसांत आणायच्या.

टेक्सासचा नियम धार्मिक पक्षाला सगळ्यात जास्त नडतो, म्हणून तो नीट पाहू. नव्या पक्षाला मागच्या गव्हर्नर निवडणुकीतल्या एकूण मतांच्या एक टक्का सह्या लागतात. 2024 साठी हा आकडा 81 हजारांच्या आसपास होता, आणि मुदत 75 दिवसांची. सही करणाऱ्याने त्या वर्षी कोणत्याही पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात, मत दिलेलं चालत नाही. अर्जाच्या पानावर तसं निवेदन छापलेलं असतं. सह्या गोळा करणाऱ्याने प्रत्येकाला ते सहीआधी दाखवून वाचून दाखवायचं, आणि शेवटी तसं केल्याचं शपथपत्र नोटरीसमोर द्यायचं. आता तुम्हाला हवा तो माणूस कोण? राजकारणात रस असलेला, चर्चला जाणारा, मतदान न चुकवणारा. तो मार्चच्या पहिल्या मंगळवारी रिपब्लिकन प्रायमरीत मत देऊन मोकळा झालेला असतो. रविवारी चर्चबाहेर टेबल टाकून तुम्ही उभे राहिलात, तर जे सगळ्यात उत्साहाने पुढे येतील त्यांचीच सही बाद. उरतात ते प्रायमरीला न गेलेले, आणि त्यांच्यातल्या अनेकांचा पत्ता जुना असतो किंवा नोंदणी रद्द झालेली असते. म्हणून अनुभवी लोक लागतील त्याच्या निदान दीडपट सह्या गोळा करतात. स्वयंसेवकांवर हे भागत नाही, दर सहीमागे पैसे घेणारे लोक लावावे लागतात. प्रचार सुरू होण्याआधीच तिजोरी रिकामी होते ती इथे.

मतपत्रिकेवरची जागा किती मोलाची असते, त्याचं एक उदाहरण आपल्या वाचकांना जवळचं वाटेल. महर्षी महेश योगींच्या अनुयायांनी 1992 मध्ये आयोवातल्या फेअरफिल्ड इथून नॅचरल लॉ पार्टी काढली. आपण धार्मिक पक्ष नाही, असं ते सांगत. उमेदवार भौतिकशास्त्रज्ञ जॉन हेगेलिन. 1996 मध्ये चाळीसहून जास्त राज्यांत नाव छापून आलं आणि मतं पडली एक लाखाच्या थोडी वर. 2004 मध्ये राष्ट्रीय पक्ष गुंडाळला. पण मिशिगनच्या शाखेने मतपत्रिकेवरची जागा टिकवून ठेवली, आणि 2024 मध्ये रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांचं नाव मिशिगनमध्ये त्याच जागेवर छापलं गेलं. विचार संपला, संघटना संपली, तरी मतपत्रिकेवरची ती ओळ कामाला आली.

"चर्चचं तयार जाळं आहे ना!" असं कुणी म्हणेल. ते जाळं पक्षाला सरळ वापरता येत नाही. अमेरिकेतली बहुतेक चर्चेस करमुक्त संस्था आहेत, आणि 1954 च्या जॉन्सन दुरुस्तीनुसार अशा संस्थेने उमेदवाराचा प्रचार करायचा नाही. मतदार नोंदणी करा, सर्वांना समान संधी देऊन चर्चा घडवा, इतपत चालतं. कामगार संघटना उमेदवारामागे उभी राहते तसं चर्चला राहता येत नाही. जुलै 2025 मध्ये करखात्याने टेक्सासमधल्या एका खटल्यात सौम्य भूमिका घेतली, की प्रार्थनेच्या वेळी आपल्याच मंडळींशी बोलणं म्हणजे प्रचार नव्हे. पण त्यातून सगळ्यात मोठा फायदा होणार तो आधीच बळकट असलेल्या पक्षांचा.

आता मतदार. "धार्मिक मतदार" नावाचा एक गठ्ठा अमेरिकेत नाही. प्यू संस्थेच्या 2023-24 च्या पाहणीत 62 टक्के प्रौढांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं. त्यात इव्हँजेलिकल (बायबलला काटेकोर धरून चालणारे प्रोटेस्टंट) 23, कॅथलिक 19, मेनलाइन (जुन्या, तुलनेने उदार चर्चेसचे) प्रोटेस्टंट 11 आणि कृष्णवर्णीयांची ऐतिहासिक चर्चेस 5 टक्के. गोरे इव्हँजेलिकल दहातले आठ रिपब्लिकनांना मत देतात. कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट तेच बायबल तितक्याच निष्ठेने वाचतात आणि बहुसंख्येने डेमोक्रॅटांना मत देतात. कॅथलिक जवळजवळ अर्धे-अर्धे विभागलेले. या सगळ्यांना एकत्र आणायचा प्रामाणिक प्रयत्न अमेरिकन सॉलिडॅरिटी पार्टी करते. 2011 मध्ये सुरू झालेला हा पक्ष कॅथलिक सामाजिक शिकवणीवर उभा आहे: गर्भपाताला विरोध, फाशीलाही विरोध, कामगारांच्या आणि सर्वांना आरोग्यसेवेच्या बाजूने. विचार म्हणून सुसंगत आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण उजव्याला त्यातला अर्धा भाग नको असतो आणि डाव्याला उरलेला अर्धा. 2020 मध्ये या पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ब्रायन कॅरोल यांना देशभरात 42 हजारांच्या आसपास मतं पडली. छापील नाव मोजक्या राज्यांत, बाकी अनेक ठिकाणी मतदाराने हाताने लिहायचं, आणि तेही उमेदवाराने आधी नोंद केली असेल तरच मोजतात.

उलट बाजूचा धोका कॉन्स्टिट्यूशन पार्टीत दिसतो. राष्ट्राध्यक्षपदासाठी या पक्षाची आजवरची सगळ्यात चांगली कामगिरी दोन लाखांच्या आसपास, 2008 आणि 2016 ची. 2006 मध्ये वाद झाला तो नेवाडातल्या संलग्न पक्षावरून. त्याच्या नेत्यांना गर्भपातबंदीत काही अपवाद मान्य होते. राष्ट्रीय समितीने त्या शाखेला काढायला नकार दिला, तर इतर राज्यांतल्या शाखाच बाहेर पडल्या. श्रद्धेवर उभ्या पक्षात तडजोड म्हणजे पाप वाटू लागतं, आणि तडजोडीशिवाय युती होत नाही. माझ्या मते सह्यांपेक्षाही ही अडचण जास्त खोल आहे, कारण ती पैशाने सुटत नाही.

इतिहासात तिसऱ्या पक्षाने खरी मुसंडी मारली ती मोठा पक्ष कोसळत असताना. 1854 मध्ये व्हिग पक्ष मोडकळीला आला होता, तेव्हा कॅथलिक स्थलांतरितांविरुद्ध पेटलेल्या नो-नथिंग चळवळीने मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नरपद, राज्य सिनेट आणि जवळजवळ सगळं खालचं सभागृह जिंकलं. 1856 मध्ये तिचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मिलर्ड फिलमोर यांना 21 टक्क्यांवर मतं मिळाली, पण राज्य एकच, मेरिलँड. पुढे गुलामगिरीच्या प्रश्नावर पक्ष फुटला. आज दोनपैकी एकही पक्ष तसा कोसळलेला नाही.

दारूबंदीचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. प्रोहिबिशन पार्टी 1869 ची, तिच्यामागे मुख्यतः मेथडिस्ट आणि इतर प्रोटेस्टंट चर्चेसची माणसं. 1884 मध्ये तिच्या उमेदवाराला न्यूयॉर्कमध्ये 25 हजारांच्या आसपास मतं पडली आणि रिपब्लिकन ब्लेन ते राज्य हजार-अकराशे मतांनी हरले. त्याबरोबर राष्ट्राध्यक्षपदही गेलं. म्हणजे आपल्याला जो जवळचा, त्यालाच पाडलं. 1892 चा उच्चांक दोन लाख 70 हजारांचा, सव्वादोन टक्के. मग देशभर दारूबंदी आणली कुणी? 1893 मध्ये ओहायोतल्या ओबर्लिनमध्ये सुरू झालेल्या अँटी-सलून लीगने. तिने स्वतःचा पक्ष काढलाच नाही. रिपब्लिकन असो की डेमोक्रॅट, दारूबंदीला मत देणार का एवढंच विचारायचं, आणि चर्चमधली संघटित मतं त्याच्या बाजूने टाकायची. 1919 मध्ये अठरावी दुरुस्ती मंजूर झाली.

1988 नंतर तेच पुन्हा घडलं. टीव्हीवरचे धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन आयोवाच्या रिपब्लिकन कॉकसमध्ये (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या स्थानिक सभांमध्ये) दुसरे आले, खुद्द उपराष्ट्राध्यक्ष बुश यांच्या पुढे. नामांकन मिळालं नाही, पण पुढच्याच वर्षी ख्रिश्चन कोअलिशन उभी राहिली आणि रिपब्लिकन पक्षाच्या स्थानिक समित्यांत शिरली. जून 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, तो अशा अनेक दशकांच्या आतल्या कामानंतर. मोठ्या पक्षाच्या प्रायमरीत उतरता येत असताना वेगळा पक्ष कशाला, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक वेळी उभा राहतो.

आता जिथे जमलं ते. न्यूयॉर्कमध्ये फ्यूजन चालतं, म्हणजे एकच उमेदवार अनेक पक्षांच्या ओळींवर छापता येतो आणि सगळ्या ओळींची बेरीज होते. लाँग आयलंडच्या गृहिणींनी उभ्या केलेल्या राइट टू लाइफ पार्टीने 1978 च्या गव्हर्नर निवडणुकीत एक लाख 30 हजारांवर मतं घेतली. कायमची ओळ मिळायला तेव्हा 50 हजार लागत. दोन वर्षांनी सिनेटच्या निवडणुकीत अल डी'अमाटो यांचं नाव रिपब्लिकन, कॉन्झर्व्हेटिव्ह आणि राइट टू लाइफ अशा तीन ओळींवर होतं. ते जिंकले 81 हजारांच्या आसपास मतांनी, आणि राइट टू लाइफच्या ओळीवर त्यांना पडलेली मतं दीड लाखाच्या वर. आपण कुणामुळे निवडून आलो, हे उमेदवाराला निकालाच्या कागदावर दिसत होतं.

पण ओळ टिकवायला दर चार वर्षांनी गव्हर्नरसाठी 50 हजार हवेतच. मोठ्या पक्षाचा गव्हर्नर-उमेदवार गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचा असला, तर त्याला पाठिंबा कसा देणार? स्वतःचा उमेदवार द्यायचा, आणि तो जिंकणार नाही हे मतदाराला ठाऊक. 2002 मध्ये आकडा 44 हजारांवर आला आणि ओळ गेली. हाच प्रयोग दुसरीकडे करणंही सोपं नाही, कारण फ्यूजनवर राज्यांना बंदी घालता येते असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये दिला आणि बहुतेक राज्यांत तशी बंदी आहे. न्यूयॉर्कमध्येही आता दर दोन वर्षांनी एक लाख 30 हजार किंवा दोन टक्के, यातलं जे जास्त ते लागतं.

युटामध्ये धर्म एकवटलेला आहे म्हणून तिथे जमेल, असं सुचवलं जातं. मॉर्मन या पंथाच्या लोकांचा पीपल्स पार्टी नावाचा पक्ष तिथे 1870 पासून होता आणि बहुतेक निवडणुका जिंकत होता. 1891 मध्ये तो विसर्जित केला, कारण चर्चचा स्वतःचा पक्ष असताना वॉशिंग्टनचं केंद्र सरकार युटाला राज्याचा दर्जा देईना. तो 1896 मध्ये मिळाला. अलीकडे इव्हन मॅकमलिन या मॉर्मन अपक्षाने 2016 मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी तिथे साडेएकवीस टक्के मतं घेतली. 2022 मध्ये डेमोक्रॅटांनी सिनेटसाठी उमेदवारच दिला नाही, तेव्हा तो आकडा 43 टक्क्यांच्या जवळ गेला. समोरचे माइक ली हेही मॉर्मन. धर्म दोघांचा एकच, त्यामुळे निकाल पक्षनिष्ठेवर लागला.

तरीही कुणाला हे करायचंच असेल, तर राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार देण्यात पहिली दहा वर्षं पैसा घालवू नये. अनेक शहरांत नगरपरिषद आणि शाळा-मंडळाच्या निवडणुका पक्षचिन्हाशिवाय होतात, तिथे सह्याही कमी लागतात. त्यानंतर राज्य विधिमंडळाच्या अशा जागा शोधाव्यात जिथे दोन मोठ्या पक्षांपैकी एकजण उमेदवारच देत नाही. मत वाया जाण्याची भीती तिथे नसते. न्यू हॅम्पशरच्या खालच्या सभागृहात 400 जागा आहेत, एका जागेमागे साडेतीन हजारांच्या आसपास लोकसंख्या, म्हणजे उमेदवाराला प्रत्येक दारात जाता येतं. दुर्दैवाने ते देशातल्या सगळ्यात कमी धार्मिक राज्यांपैकी एक आहे. मेनमध्ये संघीय पदांसाठी आणि अलास्कात पसंतीक्रमाने मत देता येतं. तिथे धार्मिक पक्षाला पहिली पसंती देऊन दुसरी मोठ्या पक्षाला देता येते, आणि 1884 सारखं आपल्याच माणसाला पाडलं जात नाही. फ्यूजन हवं असेल तर कनेटिकट बघावं. आणि टेक्सासमध्ये उतरायचं असेल, तर मार्चच्या आधीच लोकांना एक गोष्ट सांगायला लागा: यंदा प्रायमरीत मत देऊ नका, आम्हाला तुमची सही हवी आहे.